राजीनाम्याआधी घसा दाखवा

*ताई, सप्रेम नमस्कार.*

*माझं वय ४४. तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित शाळेत २००६ पासून आठवी ते दहावीला गणित आणि विज्ञान शिकवते. नववीच्या तुकडीत ६४ मुलं आहेत. लॉकडाउनमध्ये स्वयंपाकघराच्या ओट्यावर मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून तास घेतले, पीपीटी शिकले, गुगल फॉर्म शिकले. खरं सांगू, तेव्हा मजाही आली. पण तेव्हा सुरू झालेलं काहीच बंद झालं नाही. दहावीला रोज रात्री साडेआठला ऑनलाइन शंकानिरसन असतं. पन्नासातली अकरा-बारा मुलं येतात, कॅमेरे बंद. मोबाइलवर शाळेचे अकरा ग्रुप आहेत. आधार जुळत नाही, मुलांचे अपार ओळख क्रमांक राहिलेत, लिंक भरा, फोटो टाका. शिवाय पालक रात्री अकराला विचारतात, उद्या कुठली वही आणायची. दिवाळीपासून आवाज बसतोय. गुळण्या, खडीसाखर, ज्येष्ठमध सगळं करून झालं.*

*मागच्या महिन्यात नववीतल्या एका मुलाला अंतर्वक्र आरशाची किरणाकृती काढायला फळ्यापाशी बोलावलं. त्याला येईना, वर्ग हसायला लागला, मला ओरडवेना. शेवटी फाटक्या आवाजात बोलून गेले, "तुझ्या बापाच्यानं पण व्हायचं नाही हे, बस खाली." मागच्या बाकावरून कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं. एकोणीस सेकंद. खाली गाणं लावून ते गावभर फिरलं. आता सकाळी शाळेचं फाटक दिसलं की पोटात गोळा येतो. मिस्टर म्हणतात, सोड नोकरी. सोडू का? आणि त्या मुलाशी कसं वागू?*

*– एक शिक्षिका, सातारा जिल्हा*

मॅडम,

(मी नोकरीत होते तोवर आम्ही 'बाई' होतो. आता सगळीकडे मॅडम झालंय, म्हणून मॅडम.)

तुमचं पत्र चार पानांचं होतं, वर त्यातलं निम्मंही नाही. त्या चार पानांत घशाच्या वाट्याला दोन ओळी आल्या आहेत. मी तिथूनच सुरू करणार आहे. राजीनामा, ती क्लिप, ग्रुप, हे सगळं महिनाभर थांबेल. घसा थांबणार नाही.

दिवाळीपासून आज चार महिने होत आले. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला की कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवायचं, इतका साधा नियम आहे, आणि विज्ञान शिकवणारी बाई ज्येष्ठमध चघळत बसली आहे. रागावू नका, मीही हेच केलं होतं. बावन्नाव्या वर्षी माझा आवाज गेला तेव्हा तो नोकरीचाच भाग आहे असं मी धरून चालले होते. खडूने बोटं फाटतात, तसा घसा फाटतो, एवढंच. डॉक्टरांकडे गेले ते आठ महिन्यांनी, तेही लेकीनं ओढून नेलं म्हणून.

तिथे काय करतात ते सांगते, म्हणजे भीती जाईल. तोंडातून किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरतंतू बघतात. पाच-दहा मिनिटांचं काम. वर्षानुवर्षं ताणून बोलणाऱ्यांच्या स्वरतंतूंवर समोरासमोर बारीक गाठी येऊ शकतात. शिक्षकांना येतात, गायकांना येतात. हा कॅन्सर नव्हे. कुदळ धरणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात, त्यातलाच प्रकार. वेळेत कळलं तर बहुतेकदा ऑपरेशन लागत नाही, स्पीच थेरपिस्ट बोलायची पद्धत सुधारून देतात. तुम्हाला गाठीच आहेत असं मी म्हणत नाही, पित्तानंही घसा बिघडतो. काय आहे ते दुर्बीण सांगेल. तोवर कुजबुजून बोलू नका, त्यानं आराम पडत नाही, उलट ताण येतो. आणि सारखं खाकरणं सोडा.

आता एक प्रश्न, जो तुम्हाला कुणी विचारला नसेल. साडेदहा ते साडेपाच तुम्ही पाणी किती पिता?

उत्तर मला ठाऊक आहे. सकाळी निघताना एक पेला, मग मधल्या सुट्टीत चहा. कारण पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि शाळेतलं बाईमाणसांचं स्वच्छतागृह म्हणजे कडी नसलेलं दार, कोरडा नळ आणि मुलींच्या रांगेत उभं राहणं. निम्मी स्टाफरूम या एका कारणापायी दिवसभर कोरडी राहते आणि कुणी बोलत नाही. शिक्षकांच्या ताणतणावावर मी बरीच भाषणं ऐकली. ध्यान करा, छंद जोपासा, सकारात्मक राहा. कडी लावून घ्या असं एकाही वक्त्यानं सांगितलं नाही. तुम्ही सगळ्या जणी सह्या करून मुख्याध्यापकांना कडी, बादली आणि पाण्याचा अर्ज द्या. राजीनाम्यापेक्षा हा कागद आधी लिहा.

दुसरी खरेदी माइकची. कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि कानामागून तोंडाशी येणारा माइक, दीड-दोन हजारांत मिळतो. ६४ मुलं, वर पत्रा, बाजूला रस्ता, डोक्यावर खडखडणारा पंखा. आजूबाजूला गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो, ते आपल्या हातात नसतं. म्हणून आवाज यंत्राला चढवू द्या. पहिले दोन दिवस मुलं म्हणतील, मॅडम, एक आरती होऊन जाऊ द्या. म्हणू देत.

आता रात्रीच्या साडेआठकडे येते.

लॉकडाउनमध्ये तुम्हाला मजा आली, हे तुम्ही जरा चोरून लिहिल्यासारखं लिहिलंय. आली असणारच. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि तुम्ही ओट्यावरून मुलांपर्यंत पोचलात. त्या वेळी त्याला अर्थ होता. २०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली तरी तुम्ही शिकवत राहिला असाल. पण आपत्तीत काढलेली वाट आपत्ती सरली तरी वहिवाटीची होऊन बसली. पुराच्या वेळी शेतातून गाडी काढली म्हणून तो काही कायमचा रस्ता होत नाही.

वर्गापेक्षा स्क्रीनवर चाळीस मिनिटं बोलणं जास्त थकवतं, याचं कारण तुम्हाला शिक्षिका म्हणून लगेच पटेल. वर्गात चेहरे असतात. कोणी भुवया आकसल्या, कोणी बाहेर बघायला लागलं, त्यावरून आपण थांबतो, उदाहरण बदलतो, एखादा विनोद करतो. ही देवाणघेवाण आपल्याला दमू देत नाही. बंद कॅमेऱ्यांपुढे नुसती देवाण असते. "समजलं का रे?" विचारायचं आणि आपल्याच ट्यूबलाइटचा आवाज ऐकायचा. मग माणूस ओरडून बोलायला लागतो, त्यांना ऐकू जातंय की नाही म्हणून. दिवसभर सहा तास वर्गात बोललेला घसा रात्री पुन्हा हे करतो.

हे वर्ग बंद करा असं सांगणं मला सोपं आहे, तुम्हाला जड आहे. व्यवस्थापन म्हणेल, शेजारची शाळा घेते. तेव्हा मुख्याध्यापकांपुढे "मी दमले" असं म्हणू नका. वाईट वाटतं लिहायला, पण आपल्या शाळांमध्ये दमण्याला किंमत नाही. समोरचा लगेच म्हणतो, आम्ही नाही का दमत? त्याऐवजी दोन आठवडे एका कागदावर मांडा: तारीख, किती मुलं आली, किती जणांनी एक तरी शंका विचारली. अकरा आली आणि शंका दोघांनी विचारल्या, हे कागदावर उतरलं की बोलणं सोपं होतं. मग स्वतःच पर्याय ठेवा. मंगळवार-गुरुवार शाळा भरण्याआधी अर्धा तास वर्गातच शंका घेईन, लांबून एसटीनं येणाऱ्यांसाठी अवघड गणिताचा आठ-दहा मिनिटांचा व्हिडिओ करून ठेवीन. तो एकदा केला की पुढच्या वर्षीही चालतो. परवानगी मागितल्यासारखं बोलू नका, वेळापत्रक पुढे ठेवा. यंदाची दहावीची परीक्षा तशीही आता सुरू आहे, हे बोलणं जूनच्या आधी, एप्रिलमध्येच करा. जूनमध्ये वेळापत्रक छापून येतं, मग कोणी हलवत नाही.

कायदा मदतीला येईल का, तर फारसा नाही. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झालेला नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकांना देऊ नयेत असं लिहिलंय. पण लिंक भरणं आणि फोटो टाकणं हे 'शैक्षणिकच' आहे असं तुम्हाला सांगण्यात येईल. म्हणून ग्रुपांची वेसण तुम्हालाच घालावी लागणार.

अकरा ग्रुपांतले पालकांचे किती, तेवढे बाजूला काढा. त्यांत फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सेटिंग करा. पालकसभेत एकदाच सांगा की निरोप संध्याकाळी पाच ते सहा बघितले जातील, उद्याच्या वह्यांचं वेळापत्रक मुलाच्या डायरीत आहे, आणि तातडीचं असेल तर शाळेच्या फोनवर. पहिल्या आठवड्यात तीन पालक नाराज होतील. दुसऱ्या आठवड्यात मुलांना डायरी सापडेल.

राहिले कार्यालयीन ग्रुप. इथे माझा एक गुन्हा कबूल करते. मुख्याध्यापिका असताना वरून आलेला 'त्वरित' मी न वाचता खाली ढकलायचे. वरच्यानंही तो तसाच ढकललेला असायचा. दुपारी दोनला आलेली माहिती 'आज चारपर्यंत' मागितलेली असायची, आणि ती चारला दिली तरी पुढे आठवडाभर कुणी उघडायचं नाही. तेव्हा प्रत्येक 'त्वरित'ला छातीत धडधडू देऊ नका. एका एक्सेलमध्ये मुलांची कायमची माहिती भरून ठेवा, जन्मतारीख, आधारवरचं नाव, आईचं नाव, बँक खातं. निम्म्या लिंकांचं काम तिथून उचलून चिकटवायचं असतं.

आणि मला वाटतं तुमची खरी अडचण निराळीच आहे. लॉकडाउनमध्ये तुम्ही शिकलात, इतरांनी "आम्हाला नाही जमत बाई" म्हणून हात वर केले. जो शिकतो त्याच्या गळ्यात पडतं. अपार, यू-डायसवरची शाळेची माहिती, परीक्षांचे गुण, सगळं तुमच्याकडे का आलं? तुम्हाला जमतं म्हणून. यंदाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीआधी दोन जणांना हे शिकवा, त्यातला एक तरी कुरकुर करणारा सर असू दे. मग जूनमध्ये सांगा, माझ्याकडे यातलं एकच काम राहील. लिपिकाची जागा रिकामी असेल तर ती भरण्याची मागणी पुन्हा पुन्हा लेखी पाठवणं हे मुख्याध्यापकांचं काम आहे. ती जागा फुकट भरून काढणारं कुणी मिळालं की मागणी थंडावते, हे मी आतून पाहिलंय.

आता क्लिपबद्दल. इथे मी तुमची बाजू पूर्ण घेणार नाही.

वाक्य चुकलं. बाप काढायला नको होता. घसा बसलेला होता, वर्ग हसत होता, सातवा तास असेल, हे सगळं खरं, पण चुकलं. तुम्हालाही ते माहीत आहे, नाहीतर पत्रात ते शब्द जसेच्या तसे लिहिले नसते. आणि चोरून चित्रण करणं, त्याला गाणं लावून गावभर फिरवणं, हेही चुकलंच, कदाचित जास्त. पण एक चूक दुसरीतून वजा करू नका. त्यांनी माझी बदनामी केली म्हणून माझं वाक्य माफ, असं होत नाही. माझं वाक्य वाईट होतं म्हणून त्यांनी केलं ते चाललं, असंही नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट निसटली आहे. त्या एकोणीस सेकंदांत फजिती दोघांची आहे. तुमचा फाटका आवाज गावानं ऐकला, तसा फळ्यापुढे खडू धरून अडकलेला तो मुलगाही गावानं पाहिला. त्यानं तर काही टिपलं नव्हतं, तो समोर उभा होता. चार पानांत त्याचं काय झालं यावर एक ओळ नाही. तो शाळेत येतोय ना? मागे बसतो का? त्याच्या वडिलांनी ती क्लिप पाहिली असेल तर घरी काय झालं असेल?

म्हणून आधी त्याच्याशी बोला. एकट्याशी, व्हरांड्यात, दोन मिनिटं. "तुझ्या वडिलांबद्दल बोलले ते चुकलं." यापुढे 'पण' लावू नका. 'पण तू अभ्यास केला असतास तर' हे शेपूट जोडलंत की माफी रद्द झाली. अपमान वर्गासमोर झाला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी वर्गातही एवढंच एक वाक्य म्हणा आणि लगेच फळ्याकडे वळा. मुलं बाईंच्या डोक्यावर बसतील ही भीती मलाही वाटायची. चोवीस वर्षांत मी वर्गाची माफी तीनदा मागितली आणि तिन्ही वेळा वर्ग इतका शांत झाला की मीच बावरले.

टिपणाऱ्याचं काम तुमचं नाही, मुख्याध्यापकांचं आहे. त्यांना लेखी द्या. वर्गात मोबाइल कसा आला, चित्रण कोणी केलं, पुढे कोणी पाठवलं, हे त्यांनी पालकांना बोलावून बघावं. तुमच्या अर्जात त्या फळ्यापुढच्या मुलाचाही उल्लेख करा, त्याचंही चित्रण परवानगीशिवाय झालंय. ज्यानं केलं त्याला शाळेतून काढा असं मात्र लिहू नका. चौदा-पंधरा वर्षांचं पोर आहे. घरातली मोठी माणसं रोज कुणाची तरी क्लिप पुढे ढकलताना ते बघतं. आणि ग्रुपवर खुलासा लिहायचा मोह झाला तर फोन मिस्टरांकडे द्या. प्रत्येक खुलाशानं ती क्लिप पुन्हा वर येते.

राजीनाम्याचा प्रश्न राहिला. मिस्टर काळजीपोटी म्हणताहेत हे दिसतं. तरी थोडा हिशेब मांडू.

तुम्ही २००६ ला लागलात, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ नंतर, म्हणजे जुन्या पेन्शनच्या बाहेर. आज सोडलंत तर हातात काय येईल ते कागदावर मांडल्याशिवाय निर्णय नको. अनुदानित जागेवर परत यायचं तर आता शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल आणि अभियोग्यता चाचणी, चव्वेचाळीसाव्या वर्षी ती वाट जवळजवळ बंदच समजा. खासगी शाळांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा राजीनाम्याला बऱ्याच पायऱ्यांची वाट घालून देतो. दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख, एक रजिस्टर पोस्टानं व्यवस्थापनाला, एक आपल्याकडे, आणि कायम शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस. बळजबरीचे राजीनामे अडावेत म्हणून ती तरतूद आहे, पण स्वतःच्या मनाच्या बळजबरीवरही ती बरी लागू पडते.

त्याआधी रजा आहे. कायम शिक्षकाच्या खाती वर्षाला वीस दिवस अर्धवेतनी रजा जमा होते आणि वैद्यकीय दाखल्यावर ती पूर्ण पगारी करून घेता येते. एकोणीस वर्षांत तुम्ही ती किती घेतलीत? मला वाटतं सेवापुस्तकात तशीच पडून असेल. डॉक्टरांनी आवाजाला विश्रांती सांगितली तर नववीच्या परीक्षेचं कारण काढून ती पुढे ढकलू नका. तुम्ही नसलात तरी प्रकाश परावर्तित होणारच आहे. आणि मार्चमध्ये शाळेबद्दल कोणताही मोठा निर्णय घेऊ नका. मार्चमध्ये मी स्वतः पाचदा राजीनामा लिहिला होता. जूनमध्ये, घसा बरा असताना, शंकानिरसनाचं वेळापत्रक बदलल्यावर आणि निम्म्या लिंका दुसऱ्याच्या गळ्यात गेल्यावरही फाटकापाशी गोळा आलाच, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा मी सोडा म्हणेन, आणि मनापासून म्हणेन. वीस वर्षं शिकवून थांबणं यात हार नाही.

त्या गोळ्याबद्दल एक शब्द. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये कामामुळे येणाऱ्या या अवस्थेची, म्हणजे 'बर्नआउट'ची, नोंद आपल्या रोगवर्गीकरणात केली, पण 'आजार' म्हणून नव्हे, कामाशी जोडलेली घटना म्हणून. सततचा थकवा, कामाबद्दल उबग आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना, ही तिची तीन लक्षणं. तुमच्या पत्रात तिन्ही आहेत. म्हणजे तुमच्यात काही खोट आहे असं धरून बसू नका, कामाची मांडणीच तशी झाली आहे. मात्र झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, सुट्टीच्या दिवशीही तोच गोळा येत असेल, किंवा नकोच हे सगळं असा विचार मनात येऊन गेला असेल, तर मग ते नुसतं कामापुरतं राहिलेलं नाही. १४४१६ हा 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, मोफत, चोवीस तास. घरच्यांसमोर बोलवत नसेल तर गच्चीवर जाऊन लावा.

येत्या शनिवारी सकाळची शाळा असेल. सुटली की परस्पर साताऱ्याची एसटी पकडा आणि दवाखाना गाठा. गर्दी असेल, नंबरला बसावं लागेल. त्या वेळात फोन बंद ठेवून कडी-बादलीच्या अर्जाचा मजकूर लिहून काढा. दुर्बिणीत काय दिसलं ते मला दोन ओळींत कळवा. फोन नको, पोस्टकार्ड चालेल. बोलायची तुम्हाला सध्या मनाई आहे.

– ताई